डोळ्यांखालच्या रेषा: पावडरने बसवायच्या की ओलाव्याने सांभाळायच्या?

माझं वय ४९. आठवडाभर ठाण्यात नोकरी आणि शनिवार-रविवारी गाण्यांच्या कार्यक्रमांचं निवेदन, असं गेली १२ वर्षं चाललंय. त्यामुळे डोळ्यांखालच्या सुरकुत्या झाकायचे दोन्ही मार्ग मी मनापासून करून पाहिलेत. पहिला पक्क्या थराचा: प्राइमर (मेकअपआधी कातडी गुळगुळीत करायला लावतात तो), पूर्ण झाकणारा कन्सीलर (डाग आणि काळेपणा लपवणारा त्वचेच्या रंगाचा लेप) आणि वरून पावडर. दुसरा ओलाव्याचा: आधी क्रीम मुरू द्यायचं, मग पीच करेक्टरचा, म्हणजे काळेपणा मारणाऱ्या फिकट नारिंगी रंगाचा, पातळ हात, कन्सीलर लागेल तिथेच, आणि पावडर जवळजवळ नाहीच. पहिल्या मार्गाने मी ७ वर्षं गेले. दुसऱ्यावर येऊन आता ५ वर्षं होतील. तेव्हा माझं झुकतं माप कुठे आहे ते लपवत नाही, पण पहिल्याचे उपकारही विसरलेले नाही.

निवड करण्याआधी आरशात एक बघून घ्या. चेहरा अगदी शांत ठेवून खिडकीच्या उजेडात उभ्या राहा. तेव्हाही दिसतात त्या रेषा कायमच्या. हसल्यावर उमटतात आणि हसू ओसरलं की जातात त्या हालचालीच्या. आणि सकाळी उठल्यावर दिसतात पण क्रीम लावल्यावर अर्ध्या तासात मऊ होतात, त्या बहुतेक कोरडेपणाच्या. काळेपणा हा रंग आहे, तो रंगाने झाकला जातो. रेष ही घडी आहे. घडीवर रंग लावला की तिचा काळेपणा कमी होतो, घडी तिथेच राहते. डोळ्यांखालची त्वचा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची, तिच्यात तेलाच्या ग्रंथी फार थोड्या, आणि डोळे दिवसभरात हजारो वेळा मिटतात. एवढ्या नाजूक आणि एवढ्या हलत्या जागेवर आपण रंग टिकवायला बघतो, हे लक्षात ठेवलं की अपेक्षा जाग्यावर राहतात.

पक्क्या थराचं कौतुक आधी करते. लावल्या लावल्या त्याच्याइतका सुंदर परिणाम दुसऱ्या कशाचा नाही. प्राइमरमधलं सिलिकॉन बारीक रेषांत भरून बसतं, उजेड पसरवतं, आणि कातडी एकदम गुळगुळीत भासते. त्यावर स्पंजने कन्सीलर, वर पावडरचा जाडसर थर, ५-१० मिनिटं तसाच ठेवायचा आणि मग हलक्या ब्रशने झटकायचा. याला मेकअपवाले बेकिंग म्हणतात. तेलकट त्वचेवर हे छान टिकतं. मे महिन्यात चिपळूणला उघड्या मांडवात माझा कार्यक्रम होता. घामाच्या धारा लागल्या होत्या, पण पहिला दीड तास डोळ्यांखाली काही हललं नाही. काळी वर्तुळं गडद असतील आणि रेषा फारशा नसतील, म्हणजे तिशीतल्या बऱ्याच जणींचं असतं तसं, तर मी आजही हाच मार्ग सुचवीन.

फोटोच्या बाबतीत मात्र जपा. पुष्कळशा पांढऱ्या सेटिंग पावडरींत सिलिका असते आणि ती फ्लॅशचा उजेड परत फेकते. भाचीच्या साखरपुड्याला मी सकाळी दोनदा आरसा बघून निघाले होते. संध्याकाळी फोटो आले तेव्हा ती म्हणाली, "आत्या, तुझ्या डोळ्यांखाली पांढरं काय दिसतंय गं?" दोन्ही डोळ्यांखाली दोन पांढुरके अर्धचंद्र. घरून निघताना मोबाईलचा फ्लॅश लावून एक फोटो काढला असता तर कळलं असतं.

पण माझा निर्णय त्या फोटोंनी झाला नाही. तो झाला एका रविवारी, दोन प्रयोगांच्या मधल्या वेळात. दुपारचा कार्यक्रम साडेचारला, रात्रीचा साडेआठला. मेकअप दुपारी साडेतीनला केलेला. आठ वाजता ग्रीनरूमच्या आरशासमोर बसले आणि पुढे वाकून पाहिलं. डाव्या डोळ्याखाली तीन रेषा, आणि त्या तिन्ही भरलेल्या. भाकरी थापताना तळहाताच्या रेषांत पीठ बसतं ना, अगदी तसं. आजूबाजूची कातडी कोरडी आणि रेषा मात्र पांढऱ्या, ठळक. मेकअप न करता गेले असते तर त्या इतक्या दिसल्या नसत्या.

इथपर्यंत ठीक होतं. मेकअप रेषांत साचतो हे मला ठाऊक होतं, बऱ्याच जणींचा साचतो. खरा त्रास पुढे. मी थोडा कन्सीलर घेऊन वरून टिपला. खालच्या कोरड्या पावडरीवर तो बसेना, त्याचे बारीक बारीक गोळे व्हायला लागले, शेवया वळाव्यात तसे. स्पंज ओला करून दाबला तर थराचा एक तुकडाच उचलून आला आणि मधोमध डाग पडला. शेवटी सगळं पुसायचं ठरवलं. पर्समध्ये खोबरेल होतं, त्याने काढलं. डोळे चुरचुरले, तेलाने नजर धूसर झाली, कडा लाल झाल्या. नव्याने लावायला हाताशी १५ मिनिटं होती. पहिली घंटा झाली तेव्हा माझा एकच डोळा तयार होता. त्या रात्री मी मंचावर गेले आणि पहिली दोन निवेदनं होईपर्यंत माझं लक्ष गाण्याकडे नव्हतं, डोळ्यांखाली काय झालं असेल याकडे होतं. ज्या कामावर इतकं प्रेम आहे त्यातली दहा मिनिटं अशी गेली, याचं मला फार वाईट वाटलं.

पक्का थर बिघडला की दुरुस्त होत नाही, ही माझी खरी अडचण. तो एकतर असतो, नाहीतर पुसायचा असतो. दोन तासांच्या समारंभाला हे चालून जातं. सकाळी साडेसातची लोकल पकडून रात्री घरी येणारीला ते कसं परवडणार?

आता ओलाव्याचा मार्ग. यात मेकअपपेक्षा आधीची तयारी जास्त महत्त्वाची. तोंड धुऊन टिपायचं, पण पुरतं कोरडं करायचं नाही. किंचित ओलसर त्वचेवर आय क्रीम, दोन्ही डोळ्यांना मिळून मुगाच्या दाण्याएवढं. जास्त लावलं तर वरचं सगळं घसरतं. क्रीममध्ये ग्लिसरीन किंवा हायल्युरॉनिक ॲसिड असावं, ती पाणी धरून ठेवतात आणि कोरडेपणाच्या रेषा काही तासांसाठी तरी भरून येतात. मात्र कोरड्या हवेत नुसतं पाणी धरणारं पुरत नाही, ते उडू नये म्हणून वर काहीतरी स्निग्ध लागतं: सेरामाइडचं क्रीम, स्क्वालेन, किंवा पेट्रोलियम जेलीचा अगदी पुसटसा हात. डिसेंबरात नागपूरला गेले होते तेव्हा हे शिकले. मुंबईच्या दमट हवेत पुरणारं माझं जेल तिथे तासाभरात संपल्यासारखं झालं. सकाळी डोळे सुजलेले असतील तर कॅफिनचं जेल उपयोगी पडतं. ती सूज उतरवतं, रेषांचं काही करत नाही.

क्रीम लावलं की थांबायचं. बहुतेकींचं इथेच चुकतं. माझा हिशोब सोपा आहे: क्रीम लावते आणि साडी नेसायला घेते. निऱ्या घालून पदर लागेपर्यंत दहा मिनिटं होतातच. मग टिश्यू डोळ्यांखाली हलका दाबून वर राहिलेला ओशटपणा टिपून घेते.

त्यावर पीच करेक्टर, तांदळाच्या दाण्याइतका. डोळ्यांखालचा निळसर-जांभळा काळेपणा नारिंगी छटेने मारला जातो. गव्हाळ रंगाला पीच चालतो, सावळ्या रंगाला चक्क नारिंगीकडे झुकणारा लागतो. अनामिकेने टिपायचा, ओढायचा नाही. या बोटाचा दाब आपसूकच कमी पडतो. करेक्टरने काळेपणा निम्म्याहून कमी झाला की कन्सीलर किती थोडा लागतो हे बघून पहिल्यांदा मला खरंच आश्चर्य वाटलं होतं. नाकाजवळच्या कोपऱ्यात एक ठिपका आणि सगळ्यात गडद जागेवर एक. बाहेरच्या कोपऱ्याकडे, जिथे हसताना रेषांचा पंखा उघडतो, तिथे मी काहीच लावत नाही. जिथे काही लावलेलं नाही तिथे साचायलाही काही नसतं.

कन्सीलर त्वचेच्याच छटेचा घ्या. एक छटा उजळ घ्या असा सल्ला सगळीकडे ऐकू येतो आणि तो विशीत ठीकही आहे. पण उजळ रंग जागा पुढे आणतो. खाली थोडी फुगीर पिशवी असेल तर ती आणखी फुगीर दिसते, आणि घडीच्या दोन्ही बाजू उजळल्या की मधली रेष जास्तच काळी वाटते. चमक असलेलं तर मुळीच नको. लावून झालं की वर बघून मोठं हसायचं, घडी पडेल तिथलं जास्तीचं बोटाने टिपून काढायचं, मग पुन्हा एकदा.

आणि आता ज्या कारणासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते. दुपारी एक वाजता या मार्गातही रेषा दिसायला लागतात. अगदी लागतात. पण हात धुऊन अनामिका रेषेवर दहा सेकंद नुसती टेकवली की बोटाच्या उबेने खालचं क्रीम आणि करेक्टर मऊ होतात आणि पुन्हा सपाट बसतात. फारच कोरडं वाटलं तर हाताच्या पाठीवर क्रीमचा थेंब घ्यायचा, बोट त्यात बुडवून हातावरच पुसायचं आणि उरलंय तेवढ्यानेच टिपायचं. ऑफिसच्या वॉशरूममध्ये, विंगेत उभ्या उभ्या, आरसा नसताना सुद्धा हे जमतं. माझ्या पर्समधून स्पंज, ब्रश आणि पावडरची डबी गेली, त्याला पाच वर्षं झाली.

या मार्गाचीही किंमत आहे. माझ्यासाठी ती काजळाची होती. खाली ओलावा असला की काजळ उतरतं, आणि दोन तासांत डोळ्यांखाली नवं काळं वर्तुळ तयार होतं. कॉलेजपासून काजळाशिवाय घराबाहेर न पडलेल्या बाईला ते सोडणं सोपं नव्हतं. मी मधली वाट काढली. खालच्या पापणीच्या केसांलगत अगदी बारीक ब्रशने पावडरची एकच रेघ, बाकी कुठे नाही, आणि काजळ फक्त बाहेरच्या अर्ध्या भागात. लग्नसराईत आजही पूर्ण काजळ घालते, तेव्हा टिश्यू जवळ ठेवते. दुसरी गोष्ट घामाची. कोकणातल्या मे महिन्यात, त्वचा तेलकट असेल तर, ओलाव्याचा मार्ग तासाभरात घसरेल, हे कबूल करते. तिथे क्रीमऐवजी जेल आणि नाकाजवळच्या कोपऱ्यात चिमूटभर पावडर असं जमवता येतं, पण पहिल्या मार्गाची पकड त्याला येत नाही.

चष्मा असलेल्यांसाठी एक. जवळचं वाचायला प्लस नंबर लागला की काच डोळ्यांभोवतीचं सगळं मोठं करून दाखवते, रेषाही आणि रेषांत साचलेली पावडरही. माझा नंबर आला आणि पावडरीबद्दलची उरलीसुरली माया गेली.

हे सगळं दिवसापुरतं. रेषा मुळात हलक्या व्हायला हव्या असतील तर रोज सनस्क्रीन, आणि रात्री रेटिनॉल, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या घराण्यातलं क्रीम, आठवड्यातून दोनच रात्री सुरुवात करून, डोळ्याच्या कडेपासून थोडं दूर. फरक दिसायला महिने लागतात, आणि गरोदरपणात ते वापरायचं नाही. त्याच घराण्यातलं ट्रेटिनॉइन बारीक सुरकुत्यांसाठी अमेरिकेत १९९५ मध्ये मान्य झालं, पण ते औषध आहे, डॉक्टरांनी दिलं तरच. औषधाच्या दुकानातून 'गोरं करणारं' म्हणून मिळणारं स्टेरॉइडचं क्रीम मात्र डोळ्यांखाली कृपा करून लावू नका. त्याने त्वचा पातळ होते, डोळ्यांतला दाब वाढू शकतो. २०१८ पासून अशी क्रीमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे, तरीही घरोघरी एखादी ट्यूब निघते म्हणून सांगावंसं वाटलं.

तर, तिशीच्या आतबाहेर असाल, त्वचा तेलकट असेल, काळेपणा जास्त आणि रेषा कमी असतील, किंवा दोन तासांचा समारंभ उरकून घरी यायचं असेल, तर पक्का थर घ्या. पावडर मात्र तळहातावर ब्रश झटकून उरते तेवढीच. चाळिशी ओलांडली असेल, त्वचा कोरडी असेल आणि दिवस मोठा असेल, तर माझ्या मते दुसरा मार्ग बरा. तुमची त्वचा माझ्यासारखीच असेल असं नाही, म्हणून विकत काही घेण्याआधी एक रविवार असा काढा. सकाळी दहाला एका डोळ्याखाली पहिली पद्धत, दुसऱ्याखाली दुसरी. नेहमीसारखा स्वयंपाक करा, जेवा, थोडं बाहेर जाऊन या. दुपारी दोनला खिडकीशी उभ्या राहून हसा, आणि मग दोन्ही डोळ्यांखाली अनामिका टेकवून दहा सेकंद थांबा.