"दोन जीबी रॅम मेली आहे" असं दुकानदार म्हणाला तर

लॅपटॉप दुरुस्तीला दिला आणि दुकानदार पडद्यावरची एक ओळ दाखवून "तुमची रॅम खराब झालीय" म्हणाला, तर पैसे काढण्याआधी हे वाचा. (रॅम म्हणजे चालू कामासाठी कॉम्प्युटर वापरतो ती मेमरी.) याच एका ओळीच्या जोरावर पुण्यातल्या एका दुकानदाराने माझ्या भाचीकडून अडीच हजार रुपये उकळले आणि बदल्यात काहीही दिलं नाही.

भाची कराडची, इथे आर्किटेक्चरला आहे. लॅपटॉपची बिजागरी सैल झाली म्हणून तिने तो टिळक रस्त्याला लागून असलेल्या एका गल्लीत दुरुस्तीला दिला. संध्याकाळी फोन आला, "मॅडम, रॅम पण गेलीय, येऊन बघून जा." ती गेली. त्याने सिस्टिमची माहिती उघडली. तिथे लिहिलं होतं: इन्स्टॉल्ड रॅम ८.०० जीबी, आणि पुढे कंसात, ५.८८ जीबी यूजेबल, म्हणजे वापरता येण्याजोगी. "मी नाही म्हणत, तुमचा कॉम्प्युटरच म्हणतोय. दोन जीबी मेली. आज दोन गेली, उद्या सगळी जाईल." सबमिशन चार दिवसांवर आलेलं, पोरगी घाबरली. यूपीआयने पैसे दिले, हातात आली ती कच्ची पावती. दुसऱ्या दिवशी त्याने तीच ओळ पुन्हा दाखवली. आता ७.३८ जीबी यूजेबल! डोळ्यांसमोर आकडा वाढलेला पाहिल्यावर कोण शंका घेईल?

मग ती माझ्याकडे आली, कारण थ्रीडी मॉडेल फिरवताना लॅपटॉप आधीपेक्षा अडखळायला लागला होता. त्यातली ८ जीबी रॅमची स्टिक, म्हणजे पट्टी, मीच तिला घेऊन दिली होती आणि त्याचं जीएसटी बिल माझ्या फायलीत होतं. वॉरंटीसाठी त्यावर स्टिकचा सिरियल नंबर छापलेला असतो. मागचं झाकण उघडून स्टिकरवरचा नंबर ताडून पाहिला. अक्षर न् अक्षर तोच. नवी रॅम बसवलीच नव्हती. जुनीच जागच्या जागी ठेवून बायोसमधली, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधली, एक सेटिंग तेवढी बदलली होती.

त्या दोन जीबींचं काय होतं, ते सांगते. या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, ग्राफिक्स प्रोसेसरच्या आतच आहे. अशा ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, म्हणून मशीन सुरू होतानाच बायोस मुख्य रॅममधला एक भाग त्याच्यासाठी राखून ठेवतं. रायझन प्रोसेसरच्या अनेक लॅपटॉपमध्ये हा भाग २ जीबीचा असतो. इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्ससाठी तो बहुतेक वेळा बराच कमी असतो, कारण तिथे बाकीची मेमरी लागेल तशी घेतली जाते. राखीव भाग विंडोजच्या हाती येत नाही, म्हणून तो 'यूजेबल' आकड्यातून वजा होतो. पुण्यात फ्लॅट घेतलेल्या माणसाला बिल्टअप आणि कार्पेट वेगळं सांगावं लागत नाही, तसंच हे आहे. भिंत पडलेली नसते.

बायोसमध्ये याला बहुधा यूएमए फ्रेम बफर म्हणतात. सगळ्या लॅपटॉपमध्ये ही सेटिंग दिसत नाही, पण जिथे दिसते तिथे २ जीबीचे ५१२ एमबी करायला मिनिट लागत नाही. त्या माणसाने तेच केलं आणि चित्रांसाठी ठेवलेली मेमरी कमी करून त्यालाच नवी रॅम म्हणून विकलं. थ्रीडी काम करणाऱ्या मुलीशी असं केलेलं मला फार लागलं.

रॅमची चिप खरंच बिघडली तर मशीन नेमके दोन जीबी बाजूला काढून सुरळीत चालत राहत नाही. ते निळा पडदा दाखवतं, मध्येच रीस्टार्ट होतं, किंवा सुरूच होत नाही. शंका असेल तर मेमटेस्ट८६ हा तपासणी प्रोग्रॅम रात्रभर चालवा. हां, १६ जीबी बसवलेली असताना एकदम ८ च दिसत असेल, तर स्टिक स्लॉटमध्ये नीट न बसणं किंवा स्लॉट खराब असणं शक्य आहे. त्यातही आधी स्टिक काढून, साफ करून परत बसवतात. थेट नवी विकत नाहीत.

जुन्या मशीनवाल्यांना वेगळ्या तऱ्हेने गंडवतात. ३२ बिटची विंडोज ४ जीबीपलीकडे जात नाही. २ चा ३२ वा घात म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ बाइट, मेमरीतल्या जागांचे एवढेच पत्ते तिच्याकडे असतात. त्यातले काही ग्राफिक्स आणि इतर उपकरणांना जातात, म्हणून ४ जीबी असूनही सव्वातीन-साडेतीनच दिसतात. अशा मशीनमध्ये आणखी रॅम टाकून काहीही वाढत नाही, तरी आमच्या सोसायटीतल्या एका काकांना ती विकली गेली.

स्वतः बघायचं असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. 'हार्डवेअर रिझर्व्हड'समोर राखीव आकडा असतो, किती स्लॉट भरलेत तेही दिसतं. भाचीकडे तिथे २.१ जीबी होते, सगळा हिशोब लागत होता. लॅपटॉप दुकानात सोडण्याआधी सीपीयू-झेड या मोफत प्रोग्रॅममधल्या एसपीडी पानाचा फोटो काढून ठेवा, तिथे बऱ्याचदा सिरियल नंबरही येतो. आणि पार्ट बदलला म्हणाले तर जुना पार्ट मागून घ्या. तो तुमचाच असतो. आमच्या दुकानदाराने "मेलेली रॅम काय करणार ताई, टाकून दिली" असं भाचीला सांगितलं होतं.

मी बिल घेऊन गेले तेव्हा "पोराकडून चुकून जुनीच लागली असेल" असं उत्तर मिळालं. हजार रुपये लगेच पुढे केले. मी घेतले नाहीत. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, सोबत यूपीआयची नोंद, जुनं बिल आणि स्टिकरचा फोटो जोडला आहे. तिथे काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार. २०१९ च्या कायद्याप्रमाणे त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. बायोसमधली सेटिंग मी पूर्ववत २ जीबीवर आणून दिली. लॅपटॉप पुन्हा ५.८८ दाखवतो आणि मॉडेल नीट फिरतं.