कूलंट गळती शोधायला हातपंपाचा प्रेशर टेस्टर : जुन्या गाडीवर काही महिन्यांचा अनुभव

गाडी पेट्रोल हॅचबॅक, पंधरा वर्षांच्या पुढची. राहणं साताऱ्याला, त्यामुळे खंबाटकी आणि पसरणीचे घाट नेहमीचेच. गेल्या हिवाळ्यापासून रिझर्व्ह बाटलीतलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी-रसायनाचं मिश्रण) हळूहळू 'लो'च्या रेघेखाली उतरू लागलं, पण गाडीखाली थेंबही दिसेना. एका गॅरेजमध्ये बॉनेट उघडल्या उघडल्या निकाल मिळाला : हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सीलची पट्टी) गेलंय, हेड उतरवू, फेस मारू म्हणजे त्याचा तळ घासून सपाट करू. तपासणी काहीच नाही. कूलंट कमी होतंय म्हणजे हेडच गेलं, असं गृहीत धरणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. जुन्या गाडीचं हेड विनाकारण उघडलं की मजुरीचा खड्डा पडतोच, शिवाय गंजलेले बोल्ट आणि कडक झालेले पाइप नवी दुखणी घेऊन येतात.

म्हणून कूलिंग सिस्टिमचा प्रेशर टेस्टर मागवला. छोटा हातपंप, त्याला काट्याचं मीटर आणि निरनिराळ्या रेडिएटरच्या तोंडाला बसणारी झाकणं, एवढंच ते किट. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण काढायचं, त्या जागी टेस्टर बसवायचा आणि झाकणावर छापलेल्या आकड्याइतका दाब भरायचा. माझ्या झाकणावर ०.९ बार (दाबाचं एकक) होता. त्याच्या वर जायचं नाही, जुना रेडिएटर तिथेच फुटू शकतो.

गंमत अशी की गळती दाबाखालीच बोलते. बंद, थंड गाडीत सिस्टिममध्ये दाब नसतो, तेव्हा बारीक छिद्रातून काही येत नाही. गाडी तापल्यावर येतं, ते गरम लोखंडावर पडून तिथेच वाळतं. थंड इंजिनावर दाब दिला की थेंब वाळत नाही, दिसतो. माझा काटा दहाएक मिनिटांत ०.९ वरून ०.६ पर्यंत उतरला. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन शोधलं, तर वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकातून ओल येत होती आणि आजूबाजूला वाळलेल्या कूलंटची पांढरट-हिरवी पुटं चढली होती. हे भोक मुद्दाम ठेवलेलं असतं : आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता इथून बाहेर यावं म्हणून. इथे ओल दिसली की पंप बदलायचा, पुट्टी-बिट्टी लावत बसायचं नाही.

दुसरा दोष झाकणात निघाला. किटमधल्या जोडणीने झाकण वेगळं तपासता येतं, आणि मला वाटतं निम्मे पैसे तिथेच वसूल झाले. माझं झाकण ०.५ बारलाच दाब सोडत होतं. हे काम कुकरच्या शिट्टीसारखं आहे, दाब धरला तर पाणी उशिरा उकळतं. समुद्रसपाटीला नुसतं पाणी हवेच्या दाबावर आणखी ०.९ बार दाब दिला तर ११८ अंशांच्या आसपास उकळतं, ०.५ बारला १११च्या आसपास. त्यात महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर, तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. म्हणजे घाट चढून गाडी तापलेली असते नेमकी तेव्हाच उकळण्याची मर्यादा खाली आलेली असते. कमजोर झाकण कूलंट बाटलीत ढकलतं, बाटली भरली की ते बाहेर, आणि चालत्या गाडीत कुणाला पत्ताही लागत नाही.

हेडचा संशयही याच टेस्टरने फिटला. टेस्टर लावून इंजिन सुरू केलं. गॅस्केट गेलेलं असतं तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसून काटा भराभर चढला असता किंवा थरथरला असता. काटा शांत होता. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय नव्हती, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूरही नव्हता. ड्रायव्हरशेजारच्या पायाखालचं कार्पेट कोरडं होतं, म्हणजे हीटर कोअर (आतल्या हीटरचा छोटा रेडिएटर) ही ठीक.

आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी नवा पंप, झाकण, फुगलेले दोन होज पाइप आणि त्यांच्या क्लिपा बदलल्या. भरताना तयार मिश्रणाचं कूलंट घेतलं. पाणी न मिसळलेल्या घट्ट कूलंटात घालायला डिस्टिल्ड वॉटरच लागतं, बोअरच्या पाण्याने आत क्षार चढतात. हिरवं आणि गुलाबी एकत्र करू नका, आणि गळती थांबवणारी पावडर तर अजिबात नको; ती हीटर कोअरच्या बारीक नळ्याही बंद करते. हवा काढायला गाडीचं तोंड चढावर ठेवलं, हीटर पूर्ण गरमवर केला आणि फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवलं. हा टप्पा घाईत उरकला तर एअर लॉक (आत अडकलेली हवा) राहतो आणि दुरुस्ती बरोबर असूनही तापमानाचा काटा चढतो.

उन्हाळा असाच गेला, घाटही झाले. बाटलीतली रेघ थंड इंजिनावर जागची हललेली नाही. दर दीड-दोन महिन्यांनी दाब भरून पाहतो, काटा टिकतो.

किटचे दोष सांगायलाच हवेत. वर सांगितलेल्या तपासणीआधी, अगदी पहिल्या प्रयत्नात काटा उतरला तो गाडीमुळे नव्हे, टेस्टरच्याच रबरी चकतीमुळे. म्हणून वापरण्याआधी ती ओली करून नीट बसवा. सोबत आलेली यूव्ही डाय (गळतीची जागा टॉर्चखाली चमकवणारा रंग) फारशी उपयोगी पडली नाही, कारण हिरवं कूलंट निळ्या टॉर्चखाली मुळातच चमकतं. मीटरवरचा बारचा छाप बारीक, अंधारात वाचवत नाही.

काढलेलं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि कुत्र्या-मांजरांना थोड्याशानेही मारतं. मी ते डब्यात भरून मिस्त्रींकडे दिलं.

परवाच्या तपासणीत रेडिएटरच्या वरच्या प्लास्टिक टाकीच्या कडेला, ॲल्युमिनियमशी जोड आहे तिथे, किंचित पांढरी रेघ दिसली. दाब अजून टिकतोय, पण तो जोड सहसा नीट दुरुस्त होत नाही. दिवाळीनंतर पूर्ण रेडिएटर बदलून घेणार आहे.