बगरूची चादर: आठ महिने वापरल्यानंतर

फेब्रुवारीत नागपुरात बर्डीवर एका प्रदर्शनात बगरूची, लाकडी ठशांनी हातछपाई केलेली डबल बेडची चादर घेतली, १,६५० रुपयांना. कापडाची जमीन पिवळट, त्यावर काळ्या रेघेतली लाल बुट्टी. घरी उलगडली तर आई म्हणाली, "इतके पैसे देऊन जुनाट चादर आणली का गं?" तो पिवळेपणा हिरड्याचा. जयपूरजवळच्या बगरूत छापण्याआधी कापड हिरड्याच्या पाण्यातून काढतात. आईला पटलं नाही ते नाहीच.

सोबतचे उशांचे अभ्रे मात्र फसवे निघाले. "सेम हातछपाई" म्हणून दिले होते. उलटे केले तर मागून कोरे पांढरे, आणि एकूण एक फूल डिट्टो, म्हणजे हाताने छापलेले नव्हेतच. चादरीत तसं नाही. पायथ्याशी एका ओळीत ठसा जरा सरकलाय, दोन पानं एकमेकांवर चढलीत. मला ती जागा फार आवडते.

पहिल्या धुण्यात पाणी चहासारखं झालं, चौथ्यापासून स्वच्छ. आमच्याकडे बोअरचं जड पाणी, साबणाला फेस नाही, म्हणून रिठा वापरते. लाल रंग जसाच्या तसा आहे. चूक माझी झाली ती मे महिन्यात. चादर दुहेरी घालून गच्चीवर दिवसभर वाळत टाकली. नागपूरचं ऊन ते! वरची बाजू विटून पांढरट झाली, मधोमध घडीची रेघ उमटली. आता सावलीतच, तेही उलटी करून.

त्याच महिन्यात भाच्याने कूलरसमोर बसून कैरीचं पन्हं सांडलं. लाइट गेले होते, कुणाला दिसलं नाही, रात्रभर तसंच राहिलं. सकाळी बघते तर तेवढ्या जागेची काळी रेघ फिकट तपकिरी, शेजारची लाल पाकळी ठणठणीत. नंतर उलगडा झाला. हा काळा म्हणजे लोखंडाचा रंग. भंगार लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवून तो करतात आणि कापडातल्या हिरड्याशी गाठ पडली की काळा उठतो. लाल तुरटीवर चढतो, त्याचं आंबटाने एवढं बिघडत नाही. कपड्यावरचा गंजाचा डाग आपण लिंबानेच काढतो की! तेच इथे झालं.

कूलरच्या दमट हवेत झोपायला चादर छान, पण ते श्रेय सुती कापडाचं, छपाईचं नव्हे. लहान मुलांच्या पलंगावर ही घालू नका. मी दुसरी घेणार आहे, अभ्रे सोडून. पन्ह्याचे पेले सध्या स्वयंपाकघरातच रिकामे होतात.