भाड्याचं, खोक्यातलं, जुनं की सुताराकडचं? दहा बाय बाराच्या खोलीचा हिशेब

पुण्यात कॉलेजं सुरू व्हायच्या आसपास डिझाइनची आणि आर्किटेक्चरची मुलं वन आरके शोधत विमाननगर, कर्वेनगर, लोणी काळभोर पालथं घालतात. खोली ठरते, किल्ली हातात येते आणि आत पाऊल टाकलं की दिसतात डिस्टेंपर मारलेल्या चार भिंती, एक ट्यूबलाइट, एक पंखा आणि दारावरचा उघडा माळा. वर्गात दिवसभर आपण प्रमाण, पोत, रंगसंगती यांवर बोलतो आणि रात्री याच खोलीत येऊन झोपतो. ती चांगली दिसावी असं वाटणं हा चोचला नाही.

चार वर्षांत मी तीन खोल्या मांडल्या आणि आवरल्या. पहिलीत भाड्याचं सामान होतं, दुसरीत ऑनलाइन मागवलेलं, तिसरीत जुन्या बाजारातलं. सुताराकडून करून घ्यायचा मार्ग माझ्या मैत्रिणीने निवडला, त्याचं ड्रॉइंग मी काढलं होतं. खाली लिहिलेलं सगळं या चार मार्गांच्या अनुभवातून आलं आहे.

महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार बहुतेक वेळा ११ महिन्यांचा होतो. चार वर्षांच्या बी.डेस.मध्ये, म्हणजे डिझाइनच्या पदवीत, दोन-तीनदा घर बदलणं आलंच. म्हणून वस्तू घेताना मी किमतीच्याही आधी एक गोष्ट बघते: ही वस्तू जिन्यावरून पुन्हा धड खाली उतरेल का?

भाड्याचं

रेंटोमोजो, फर्लेन्को यांसारख्या कंपन्या पलंग, टेबल, फ्रीज महिन्याच्या भाड्याने देतात. आणून जोडून देतात, सोडताना घेऊन जातात. सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी आला असाल तर पुढचं वाचूही नका, हेच करा. जास्त राहणार असाल तर वही काढा. समजा पलंग, टेबल, खुर्ची मिळून महिना १,००० रुपये पडले, तर दोन वर्षांचे झाले २४,००० आणि शेवटी हातात काही नाही. मला पैशांपेक्षा दुसरी गोष्ट जास्त टोचली. त्या टेबलाला मी रंग देऊ शकत नव्हते, घासू शकत नव्हते, त्यावर कटर चालवताना जीव मुठीत असायचा. डिझाइन शिकणाऱ्याला आपल्या टेबलावर ओरखडा काढायची मुभा हवी.

खोक्यातलं

आयकिआचं नवी मुंबईतलं तुर्भ्याचं दुकान डिसेंबर २०२० मध्ये उघडलं. आता इतरही ब्रँड सुटे भाग खोक्यात घालून घरपोच देतात. याचा मोठा फायदा असा की माप मिलिमीटरपर्यंत आधीच कळतं. खोलीचा प्लॅन काढायचा, वस्तू त्यात ठेवून बघायची, दार उघडताना आडवी येते का ते तपासायचं आणि मग पैसे भरायचे. शिवाय त्यात शिकण्यासारखंही असतं. आयकिआच्या ‘लॅक’ टेबलाच्या आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी कागदाची जाळी असते, म्हणून ते एका हाताने उचलता येतं.

अडचण साहित्याची आहे. स्वस्त शेल्फं आणि कपाटं बहुतेक पार्टिकल बोर्डाची असतात, म्हणजे लाकडाचा चुरा डिंकात दाबून केलेली फळी. तिला पाणी लागलं की ती फुगते आणि पुन्हा मूळ आकारात येत नाही. एकदा काढलेला स्क्रू त्याच भोकात दुसऱ्यांदा तितका घट्ट बसत नाही. माझ्या दुसऱ्या खोलीत खिडकीखाली ठेवलेल्या शेल्फची तळफळी पहिल्याच पावसाळ्यात फुगली आणि कडेची पट्टी उचकटली. घर बदलताना ते शेल्फ खोलून पुन्हा जोडलं तेव्हा ते डुगडुगायला लागलं. एकाच जागी तीन-चार वर्षं राहणार असाल आणि जमीन कोरडी राहत असेल तर खुशाल घ्या. नाहीतर इथून दिवे, डबे, तिपाई अशा हलक्या वस्तू घ्याव्यात आणि कपाट टाळावं.

जुनं

माझा कौल याला आहे, फक्त डोळे उघडे ठेवून.

मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. सकाळी लवकर जा. पिशवीत मोजपट्टी, टॉर्च आणि पॉलिश पेपरचा एक तुकडा ठेवा. मला तिथे ६०० रुपयांना एक खुर्ची मिळाली. काळपट, चिकट, बैठकीचा वेत मध्येच फाटलेला. विकणारे काका म्हणाले, “ताई, सागवान आहे.” सगळेच तसं म्हणतात. मी खुर्ची उलटी केली. पायाच्या आतल्या बाजूला, जिथे कुणाचं लक्ष जात नाही, तिथे पेपर चार वेळा फिरवला. काळ्या थराखालून मधासारखा पिवळट-तपकिरी रंग वर आला आणि नाकाला तो किंचित तेलकट वास आला. फळीच्या तोंडाशी बघितलं तर वरच्या रेषा कडेवरूनही तशाच पुढे गेलेल्या. वर नुसतं व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, चिकटवलेलं असतं तर कडेला बारीक सांधा दिसला असता. सागवानच होतं.

मग टॉर्च. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि खाली मैद्यासारखी भुकटी दिसली तर कीड जिवंत आहे, ती वस्तू कितीही सुंदर असली तरी ठेवून द्या. सांध्यांमध्ये काळे ठिपके दिसले तर ढेकूण. याच भीतीपायी गादी, उशी आणि कापड लावलेला सोफा मी जुना घेत नाही, तुम्हीही घेऊ नका. लोखंडी खाट मात्र जुनीच घ्यावी. घासून रंग मारला की नव्यासारखी होते आणि चार नट सोडवले की जिना उतरते.

खुर्चीचा वेत पुन्हा विणून घ्यायला ४५० रुपये लागले. लाकूड मी स्वतः ८०, १२० आणि २२० नंबरच्या पेपरने घासलं आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे, म्हणजे फ्रेंच पॉलिशचे, पातळ हात दिले. दोन रविवार गेले. जुन्याची खरी किंमत हे रविवार असतात. सबमिशनच्या आठवड्यात तुमच्याकडे ते नसतील, म्हणून हे काम सेमिस्टरच्या सुरुवातीला उरकून घ्या.

बाजाराखेरीज आणखी एक जागा आहे: एप्रिल-मे महिन्यातले कॉलेजचे व्हॉट्सॲप ग्रुप. शेवटच्या वर्षाची मुलं घर सोडत असतात, टेम्पो ठरलेला असतो आणि ड्रॉइंग टेबल कुणालातरी द्यायचंच असतं. त्या आठवड्यातला भाव बाजारातही मिळत नाही. मुंबईकरांना ओशिवऱ्याची जुन्या फर्निचरची दुकानं आहेत. चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर मात्र बऱ्याच वस्तू अँटिक म्हणून विकल्या जातात. तिथे बघायला आणि स्केच करायला जावं, खोली भरायला नाही.

सुताराकडचं

एका टेबलासाठी चांगला सुतार येत नाही, आणि आला तरी मोठं काम सोडून वेळेवर देत नाही. त्याचंही पोट त्या मोठ्या कामावर असतं. पण भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटसारख्या ठिकाणी प्लायवूड मापात कापून मिळतं, आणि कटिंगचं ड्रॉइंग स्वच्छ असेल तर निम्मं काम तिथेच होतं.

मैत्रिणीच्या टेबल आणि शेल्फसाठी आम्ही प्लायवूडची आठ बाय चार फुटांची, १८ मिमीची एकच शीट घेतली आणि तिचे लांबीत दोन पट्टे केले. पहिल्या पट्ट्यातून चार बाय दोनचा टेबलाचा माथा आणि साडेअठ्ठावीस इंचांची एक बाजू. दुसऱ्यातून दुसरी बाजू, शेल्फच्या तीन फुटी दोन उभ्या फळ्या, अडीच फुटी दोन आडव्या, आणि शेवटी उरलेल्या बारीक पट्टीतून टेबल डुलू नये म्हणून पाठीमागची आडवी पट्टी. शेल्फची खोली दहा इंच. करवतीच्या पात्याची जाडी धरायला विसरू नका, तेवढ्याने शेवटची पट्टी हुकते. वाया गेला तो दीड-दोन फुटांचा एक तुकडा, त्याचा पुढे स्टूलचा माथा झाला. खिडकीजवळ किंवा मोरीजवळ ठेवायचं असेल तर आयएस ७१० शिक्क्याचं, म्हणजे पाण्याला टिकणारं, प्लाय घ्या, कोरड्या जागेला आयएस ३०३ चालतं. जोडणी फक्त फेविकॉल आणि चुकांनी केली तर ती पुन्हा सुटत नाही. टेबलाला नट-बोल्ट लावून घ्या.

मी स्वतः याहून सोपी वाट धरली. भंगारवाल्याकडून ९०० रुपयांना एक फ्लश डोअर, म्हणजे दोन्ही बाजूंनी सपाट दार, साडेसहा बाय अडीच फूट, आणि खाली १,४०० रुपयांच्या दोन लाकडी घोड्या. दार कापायचं नाही. आतली चौकट कापली गेली की कड उघडी पडते. लॅचचं भोक मी भिंतीच्या बाजूला ठेवलं आणि दिव्याची वायर त्यातून खाली सोडली. एका टोकाला लॅपटॉप, मध्ये ए१ आकाराची ड्रॉइंग शीट, दुसऱ्या टोकाला जेवणाचं ताट, एवढं त्यावर मावतं. वर नेताना दोघी लागलो, आणि जिन्याच्या वळणावर दार उभं करून फिरवावं लागलं. आधी जिन्याचं वळण मोजलं होतं म्हणून निभावलं.

उजेड आणि कापड

फर्निचर कुठूनही आणा, खोलीचं रूप पालटतं ते इथे. छताच्या मध्यावरची पांढरी ६५०० केल्विनची ट्यूब (केल्विनचा आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर) सगळं सपाट करून टाकते. संध्याकाळी ती बंद ठेवा. २७०० ते ३००० केल्विनचा एक दिवा कोपऱ्यात, डोळ्यांच्या पातळीखाली, भिंतीकडे तोंड करून लावा. कामाच्या टेबलावर ४००० केल्विनचा, सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा त्याहून जास्त असलेला बल्ब घ्या. साधारण ८० सीआरआयच्या बल्बखाली निवडलेला लाल रंग सकाळी वेगळाच निघतो, हे ज्यूरीच्या, म्हणजे परीक्षकांना काम दाखवायच्या, दिवशी कळू नये. घेताना होल्डर बघा. आपल्या घरांत पिनचा बी२२ असतो, आणि अनेक टेबल लॅम्पना स्क्रूचा ई२७ बल्ब लागतो.

मालक खिळे मारू देत नाहीत आणि डिस्टेंपरवर टेप धरत नाही, पोपडा घेऊनच खाली येते. म्हणून भिंतीला हात न लावता माळ्याच्या कडेला रॉड अडकवायचा आणि भिंतीच्याच रंगाचा साधा सुती पडदा सोडायचा. बॅगा, बादल्या, खोकी सगळं त्यामागे जातं आणि खोली लगेच फूटभर मोठी वाटते. ठळक रंग एकाच जागी द्या. मी पलंगावर गडद लाल सोलापुरी चादर घातली, बाकी सगळं फिकं ठेवलं. घरून आणलेली आजीची गोधडी पायथ्याशी असायची.

तिसऱ्या खोलीचा खर्च असा: खुर्ची वेतासकट १,०५०, दार आणि घोड्या २,३००, जुनी खाट १,२००, नवी गादी ४,५००, दिवे १,३००, कापड १,६००, टेम्पो ८००. एकूण १२,७५०. सर्वांत मोठा आकडा गादीचा आहे आणि तो तसाच असू द्या. तिथे वाचवलेले पैसे पाठ वसूल करते.

एका वर्षाहून कमी राहणार असाल तर भाड्याचं. वेळ अजिबात नसेल आणि घर पक्कं असेल तर खोक्यातलं. खोली तिरकी-तारकी असेल, खिडकीखाली नेमकं माप बसवायचं असेल तर प्लायची शीट. बाकी सगळ्यांनी येत्या रविवारी मंगळवार पेठ गाठावी.

मे महिन्यात घर सोडताना ते दार मी एका ज्युनिअरला ९०० रुपयांनाच दिलं. घोड्या आणि खुर्ची माझ्याबरोबर आल्या.