कल्चरल अँथ्रोपॉलॉजी ऑनलाइन शिकायचंय: कम्युनिटी कॉलेज, इग्नू की फुकटचं पुस्तक?

मागच्या महिन्यात एकाच आठवड्यात दोघींनी मला जवळपास सारखाच प्रश्न विचारला, की कल्चरल अँथ्रोपॉलॉजी, म्हणजे माणसांच्या समाजाचं आणि चालीरीतींचं शास्त्र, ऑनलाइन कुठून शिकावं. एक माझी मामेबहीण, पुण्यात सदाशिव पेठेत पीजीत राहून यूपीएससीचा अभ्यास करतेय, ऑप्शनल मानवशास्त्र, म्हणजे अँथ्रोपॉलॉजी, घ्यावं का या विचारात आहे. दुसरी इथली, कॅलिफोर्नियातली मैत्रीण, एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या व्हिसावर, मुलगी पहिलीत गेली आणि आता सकाळचे चार तास रिकामे, म्हणून कॉलेजात एखादा कोर्स घेऊन बघावा म्हणतेय. दोघींना एकच उत्तर देता येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. मी स्वतः एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे इथल्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, हाच इंट्रो कोर्स समरमध्ये ऑनलाइन केलाय, आणि तेव्हाच इग्नूचे धडेही शेजारच्या टॅबमध्ये उघडे असायचे, कारण आमच्या टेक्स्टबुकात भारत म्हटलं की जात आणि अरेंज्ड मॅरेज एवढंच होतं आणि मला दर दोन दिवसांनी चिडायला व्हायचं.

आधी पैशाचं आणि वेळेचं उरकून टाकते. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात राज्याचे रहिवासी ठरलात तर युनिटला, म्हणजे एका क्रेडिटला, ४६ डॉलर, म्हणजे तीन युनिटच्या कोर्सला १३८, वर किरकोळ फी. रहिवासी नसाल तर आकडा कितीतरी पट होतो, त्यामुळे व्हिसावर असाल तर आधी ॲडमिशन ऑफिसला आपली रेसिडेन्सी काय धरतात ते विचारा, मैत्रिणीच्या नवऱ्याच्या कलीगने काय सांगितलं त्यावर जाऊ नका. एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसावाल्यांना आणखी एक अट, फुलटाइम लोडमध्ये टर्मला एकच ऑनलाइन क्लास धरतात. पुस्तकावर पैसे घालवायचे नसतील तर शेड्यूलमध्ये झेडटीसी अशी खूण असलेला सेक्शन शोधा, म्हणजे पुस्तकाचा खर्च शून्य. मी ती खूण बघितली नाही आणि ऑनलाइन पुस्तक उघडायच्या ॲक्सेस कोडचे ऐंशीच्या वर डॉलर गेले, ते अजून टोचतायत.

वेळेचा हिशोब असा की तीन युनिट म्हणजे पूर्ण सेमिस्टरला आठवड्याचे साधारण नऊ तास. समरला तोच कोर्स आठ आठवड्यांत कोंबतात, म्हणजे अठरा. कागदावर वाचलं तेव्हा मला वाटलं होतं की असं सांगायचं असतं, एवढं लागत नसेल. लागतं.

इग्नूचं गणित वेगळं. तिथे हा विषय सुटा एक कोर्स म्हणून घेण्यापेक्षा डिग्रीतला एक पेपर म्हणून येतो, बीएस्सी ऑनर्स अँथ्रोपॉलॉजीमध्ये इंट्रोडक्शन टू सोशल अँड कल्चरल अँथ्रोपॉलॉजी हा बीएएनसी-१०२ आहे, आणि ज्यांचं ग्रॅज्युएशन झालंय, कुठल्याही शाखेतलं, त्यांना सरळ एमए अँथ्रोपॉलॉजी करता येतं. एक क्रेडिट म्हणजे तीस तास अभ्यास असं ते धरतात. असाइनमेंट हाताने लिहून द्यायच्या, मग जून किंवा डिसेंबरची सत्रांत परीक्षा. पण ॲडमिशन न घेताही सगळे धडे ई-ज्ञानकोश या इग्नूच्या साइटवर फुकट वाचता येतात, आणि क्लासवाल्यांच्या नोट्समध्येसुद्धा बरंचसं तिथलंच असतं हे यूपीएससीच्या पोरांना सांगायला नको.

तिसरा रस्ता पूर्ण फुकट. अमेरिकन अँथ्रोपॉलॉजिकल असोसिएशनच्या कम्युनिटी कॉलेज शिक्षकांच्या गटाने पर्स्पेक्टिव्ह्ज नावाचं खुलं पाठ्यपुस्तक काढलंय, दुसरी आवृत्ती २०२० ची, प्रत्येक चॅप्टर वेगळ्या माणसाने लिहिलाय त्यामुळे चव बदलती आहे पण पुस्तक खरंच चांगलं आहे. ओपनस्टॅक्स या फुकट पुस्तकं काढणाऱ्या संस्थेचं २०२२ चं आहे, ते जाडजूड, त्यात पुरातत्त्व आणि जैविक मानवशास्त्रही येतं. एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवर इंट्रोच्या वाचनयाद्या आहेत, आपल्याकडे ई-पीजी पाठशाला ही एमएच्या धड्यांची सरकारी साइट आहे. म्हणजे वाचायला काही नाही असं कोणी म्हणू शकत नाही. मग पैसे कशाला द्यायचे?

त्याचं उत्तर मला पाचव्या आठवड्यात मिळालं.

आमच्या प्रोफेसर बाईंनी छोटी एथ्नोग्राफी, म्हणजे लोक कसे वागतात ते बघून लिहून काढणं, करायला लावली होती. कुठल्यातरी सार्वजनिक जागी दोन वेळा जाऊन बसायचं, तास-तासभर, कोणाचं नाव लिहायचं नाही, फोटो काढायचा नाही, आणि जागा अशी हवी की जिथे तुम्ही परके आहात. मी देशी ग्रोसरी म्हटलं तर बाईंनी नाही म्हणून सांगितलं, तुला तिथलं सगळं आधीच माहीत आहे म्हणाल्या. म्हणून मी आमच्या अपार्टमेंटच्या मागच्या रस्त्यावरच्या कॉइन लॉन्ड्रीत जाऊन बसले, मांडीवर वही, पानाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे जे दिसतंय ते, उजवीकडे मला काय वाटतंय ते. पहिल्या दिवशी मी डावीकडे लिहिलं, लोक एकमेकांशी सभ्यपणे वागत होते. वही स्कॅन करून पाठवली तर बाईंनी त्या वाक्याला गोल करून लिहिलं, सभ्यपणे म्हणजे कसं दिसतं? काय पाहिलंस?

दुसऱ्या वेळी गेले तेव्हा खरंच पाहिलं. रिकाम्या मशीनवर कोणी साबणाची बाटली ठेवून गेलं तर ते मशीन धरलेलं समजतात, बाटली कोणी हलवत नाही. ड्रायर थांबला आणि मालक आला नाही तर पुढचा माणूस लगेच दार उघडत नाही, आधी दोनदा दाराकडे बघतो, घड्याळाकडे बघतो, मग कपडे बाहेर काढतो. आणि टॉवेल, पँट घड्या करून ठेवतो पण आतले कपडे नुसते ढिगात वर एक चादर टाकून. एका आजोबांनी तसं केलं, मग ज्या बाईचे कपडे होते ती आली, तिने ती चादर बघितली, आजोबांकडे बघितलं नाही, आणि दोघंही फोनमध्ये गेले. ही पाच ओळींची नोंद लिहिल्यावर मला पहिल्यांदा कळलं की या विषयात काय करतात. मालिनोव्स्की हा मानवशास्त्रज्ञ १९१५ ते १८ मध्ये न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअंड बेटांवर जाऊन राहिला, लाल शिंपल्यांचे हार एका दिशेने आणि पांढरी कडी उलट्या दिशेने बेटाबेटांतून फिरतात तो कुला नावाचा देवाणघेवाणीचा प्रकार त्याने लिहून काढला, हे मी आधी वाचलेलं होतं, क्विझमध्ये बरोबरही आलं होतं. पण दोन तास लॉन्ड्रीत बसल्यावर डोक्यात आलं की तो माणूस तिथे किती कंटाळला असेल.

ते फुकटच्या पुस्तकात मिळत नाही. पुस्तकात फील्डवर्कचा चॅप्टर आहे, चांगला आहे, शेवटी प्रश्नही आहेत, पण तुमच्या सभ्यपणे या शब्दाला गोल करणारं कोणी नाही. मला विचाराल तर सगळी तुलना इथेच येऊन थांबते. तुमची वही कोण वाचणार? इग्नूच्या एमएत फील्डवर्क करून डिझर्टेशन, म्हणजे प्रबंध, आहे, म्हणजे तिथे तुम्ही लॉन्ड्रीत दोन तास बसण्यापेक्षा फार पुढे जाता, पण ते डिग्रीच्या टप्प्यावर, पहिल्या दोन महिन्यांत नाही.

आता कम्युनिटी कॉलेजची बाजू घेतलीच आहे तर त्यातलं वाईटही सांगते. डिस्कशन बोर्ड. गुरुवारपर्यंत आपली पोस्ट, रविवारी रात्री ११:५९ पर्यंत दोन जणांना उत्तरं. पहिल्या आठवड्यात मजा, एक मुलगा ओहायोतल्या आजीच्या फ्युनरलबद्दल इतकं सुंदर लिहून गेला की मी दोनदा वाचलं. चौथ्या आठवड्यापासून निम्मी उत्तरं अशी की एआयने लिहिलीयत हे शेंबडं पोर सांगेल, सगळ्यांना सगळ्यांची इनसाइट आवडलेली. त्यात मी सहाव्या आठवड्यात पुण्याला गेले होते, इथली रविवार रात्र ११:५९ म्हणजे भारतात सोमवार दुपार साडेबारा, मी अर्धा दिवस जास्त मिळाला म्हणून खूश आणि घरी नेमकी सत्यनारायणाची पूजा, गुरुजी साडेअकराला येणारे एकला आले. गेले मार्क.

दुसरं वाईट म्हणजे पब्लिशरने तयार करून दिलेल्या क्विझ. जातीवर प्रश्न होता आणि बरोबर उत्तर चार वर्ण. मी ईमेल केला की वर्ण आणि जात एक नव्हे, लग्न जुळवताना वर्ण कोणी विचारत नाही. बाईंनी मार्क दिला, पण मार्क मलाच मिळाला, क्विझ तशीच राहिली.

नातेसंबंधांचा आठवडा मात्र सोनं. त्रिकोण म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे बाई, दोन समांतर रेघा म्हणजे लग्न, मधोमध ईगो म्हणजे आपण. मग नात्यांना नावं द्यायच्या सहा पद्धतींपैकी आपली कुठली ते सांगायचं, एस्किमो, हवाईयन, सुदानीज, इराक्वॉय, क्रो, ओमाहा यांतून. इंग्रजीचं सोपं आहे, सगळे अंकल. आपलं कुठे बसवणार? काका वेगळा, मामा वेगळा, आत्या मावशी वेगळ्या, म्हणून सुदानीज, म्हणजे प्रत्येक नात्याला वेगळा शब्द, म्हणावं तर पुढच्या पिढीत चुलत मावस मामे आते लावून शेवटी सगळे भाऊ आणि बहीणच. मी दीड पान लिहिलं आणि वर एक गंमत जोडली, की आमच्या आजीच्या पिढीच्या बायका सासऱ्याला मामंजी म्हणायच्या आणि सासूला आत्याबाई. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे बऱ्याच समाजांत चालतं, उलट म्हणजे आत्याची मुलगी सहसा नाही. असं लग्न झालं तर मुलीची सासू ही खरोखर तिची आत्या, आणि आत्याच्या नवऱ्याला कित्येक घरांत मामाच म्हणतात. म्हणजे ज्या घरात असं लग्न पिढ्यान्‌पिढ्या झालेलं नाही तिथेही ते शब्द बसलेत. बाईंना हे इतकं आवडलं की त्यांनी वाचायला इरावती कर्वे यांचं नाव दिलं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या बाईंचं नाव मला कॅलिफोर्नियातल्या बाईंनी दिलं, काय बोलायचं. त्यांच्या किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया या १९५३ च्या पुस्तकात महाराष्ट्र उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या पद्धतींच्या मधे कसा पडतो ते आहे.

पण लक्षात घ्या, ते नाव सिलॅबसमध्ये नव्हतं. मी पान लिहिलं म्हणून आलं. अमेरिकन इंट्रोत बोआस, मीड, मालिनोव्स्की, गीर्ट्झ असे येतात, आणि १९५६ चा तो नासिरेमा नावाच्या जमातीवरचा लेख येतोच येतो, दात घासण्याचे विचित्र विधी वगैरे, नाव इंग्रजीत (Nacirema) उलटं वाचलं की कळतं कोणाबद्दल आहे. भारतातला मानवशास्त्रज्ञ शोधून सापडत नाही. इग्नूच्या धड्यांत उलट, एम. एन. श्रीनिवास, त्यांचं संस्कृतीकरण (खालच्या मानलेल्या जातींनी वरच्यांच्या चालीरीती उचलणं), प्रभुत्वशाली जात (गावात जिचा वरचष्मा ती), आदिवासींचे प्रश्न, सगळं आपल्या मातीतलं. भाषा मात्र कोरडी, व्याख्या, वैशिष्ट्ये, टीका, सारांश, वाचता वाचता डुलकी लागते.

म्हणून मामेबहिणीला मी काय सांगितलं ते इथे लिहिते. यूपीएससीसाठी अमेरिकन ऑनलाइन कोर्सच्या मागे लागू नकोस, परदेशी विद्यार्थ्याची फी भरून तर अजिबात नको. ऑप्शनलचे दोन पेपर, २५०-२५० मार्कांचे, आणि कल्चरल इंट्रोत जे शिकवतात ते पहिल्या पेपरचा एक तुकडा. उत्क्रांती, जनुकशास्त्र, पुरातत्त्व त्यात नाही, आणि दुसरा पेपर तर अख्खा भारताचा, त्यातलं जवळपास काही तिथे मिळणार नाही. पीव्हीटीजी, म्हणजे सरकारने विशेष असुरक्षित ठरवलेल्या आदिवासी गटांवर, प्रश्न आला तर महाराष्ट्रातले कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड हे लिहायला तुला कॅलिफोर्नियाचा काही उपयोग नाही. ई-ज्ञानकोश वाच, सोबतीला पर्स्पेक्टिव्ह्जचे तीन-चार चॅप्टर, नातेसंबंध, धर्म, अर्थव्यवस्था, म्हणजे उत्तरात जिवंत उदाहरणं येतील. आणि वहीत उभी रेघ मारून एकदा लायब्ररीच्या रीडिंग रूममध्ये बस, खुर्चीवर पाण्याची बाटली ठेवून जागा धरण्याचे नियम लिहून काढ. वाचायला मला पाठव, मी गोल करीन.

मैत्रिणीला उलट. तिला मार्कांची घाई नाही, डिग्री पुढे मागे घ्यायची असेल तर हे युनिट ट्रान्स्फर होतात, आणि तिला मुख्य म्हणजे घराबाहेरच्या माणसांशी बोलायचंय. तिने कम्युनिटी कॉलेज घ्यावं, पण समर नको, फॉलचं पूर्ण सेमिस्टर. रजिस्टर करण्याआधी प्रोफेसरला ईमेल टाकून सिलॅबस मागवावा आणि त्यात दोनच गोष्टी बघाव्यात, फील्डवर्कची असाइनमेंट आहे का आणि मार्क क्विझवर किती. नुसत्या क्विझ आणि डिस्कशन असतील तर तो सेक्शन सोडावा, त्यापेक्षा फुकटचं पुस्तक बरं. फुकटच्या पुस्तकाचं मी आणखी काही सांगत नाही, ते उघडायला कोणाला विचारावं लागत नाही, पहिले दोन चॅप्टर वाचूनही कंटाळा आला तर हा विषय तुमचा नाही एवढं तरी पैसे न घालवता कळेल.

मैत्रिणीने फॉलला नाव घातलंय. मामेबहिणीचं अजून ठरत नाहीये, पण मामंजीचं वाचून तिने आमच्या आजीला फोन लावला आणि विचारलं, की तुझं लग्न काही आत्याकडे झालं नव्हतं, मग तू सासऱ्यांना मामंजी का म्हणायचीस? आजी म्हणाली, अगं मग काय नावाने हाक मारायची होती का?