आरओ+यूव्ही प्युरिफायर, चिपळूणच्या डीलरकडून: मशीन बरं, बाता फार

५ पैकी ३ स्टार. जे कापलेत ते डेमोवाल्याच्या थापांसाठी.

आमचं घर लोट्याच्या अलीकडे, पाणी विहिरीचं. इटलीत विचेन्झाजवळची पीफास (कार्बन-फ्लोरिनची, वर्षानुवर्षं न मोडणारी घातक रसायनं) बनवणारी फॅक्टरी २०१८ ला बुडाली आणि तिची मशिनरी लोटे एमआयडीसीत आली असं पेपरात आल्यापासून आमच्याकडे जो तो प्युरिफायर घेत सुटलाय, आणि डीलरला ते बरोबर माहितीय. डेमोवाल्याने आल्या आल्या ग्लासात दोन रॉड टाकून करंट सोडला. जांभ्यातलं पाणी आमचं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) जेमतेम, म्हणून करंट जाईना नि काहीच होईना, तर गडी आईला म्हणतो काकी चिमूटभर मीठ द्या. मग झालं तपकिरी! अहो तो लोखंडी रॉड विरघळतोय, पाण्यातली घाण कसली वर येतेय.

त्यावर कडी म्हणजे, "यूव्हीने पीफास जळून जातं साहेब." जळतंय कुठलं. घरच्या मशीनचा यूव्ही दिवा जंतू मारतो, बास. कार्बन-फ्लोरिनचा बाँड एवढा चिवट की तो तोडायला लॅबमध्ये पाण्यात सल्फाइट घालून त्यावर यूव्ही मारतात, त्यातून सुटे इलेक्ट्रॉन निघतात आणि ते फ्लोरिन उपटून काढतात. पण त्यासाठी पीएच चढा लागतो, म्हणजे पाणी आम्लाच्या उलट, अल्कधर्मी, दहाच्या आसपास किंवा वर, पाण्यातला ऑक्सिजन काढून टाकावा लागतो, आणि नायट्रेट असेल तर इलेक्ट्रॉन आधी तेच खाऊन टाकतं. आता आमची विहीर बघा, पाणी किंचित आम्लाकडे झुकलेलं, वरून उघडी, पावसात शेतातलं खत आत. म्हणजे सगळं उलटंच. पीफास तोडायची दुसरी, परसल्फेट नावाच्या रसायनाची पद्धत आहे, तिथे खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड आडवं येतं, त्यामुळे खाडीकाठच्या मचूळ बोअरवाल्यांनीही खूश होऊ नये.

पीफास अडतं ते आरओच्या मेंब्रेनमध्ये, हे मात्र खरं. कार्बन फिल्टरही लांब साखळीवाली (मोठ्या रेणूची) पीफास बऱ्यापैकी धरतो, आखूड साखळीवाली लवकर निसटतात. पण अडवलं म्हणजे संपवलं नाही ना! ते सगळं रिजेक्टच्या, म्हणजे मशीन बाहेर टाकतं त्या पाण्यात जातं आणि डीलरच्या माणसाने ती नळी सोडली थेट परसातल्या अळवात, मी लगेच काढायला लावली.

आणि तो टीडीएस मीटर नाचवतात ना, त्याला पीफास दिसतच नाही. मीटर मोजतो लिटरला मिलिग्रॅममध्ये, आणि अमेरिकेच्या ईपीएने (तिथली पर्यावरण संस्था) २०२४ ला पीएफओएची (पीफासपैकीच एक) मर्यादा ठेवली लिटरला ४ नॅनोग्रॅम, नॅनोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा दहा लाखावा भाग. मीटरवर आकडा कमी आला म्हणून पीफास गेलं असं कोणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या, खरं बघायचं तर लॅबमध्ये सॅम्पल द्यावं लागतं.

बाकी पाण्याची चव चांगली, आवाज नाही, फिटिंग नीट केलं. घेणार असाल तर आरओवालंच घ्या, नुसतं यूव्ही घेऊन या कामाला उपयोग शून्य. सर्व्हिस मात्र रडतखडत, कार्बन कार्ट्रिज बदलायची वेळ कधीच होऊन गेलीय आणि फोन केला की "उद्या येतो साहेब, परशुराम घाटात ट्रॅफिक आहे" चालूच आहे.