थेट खरेदी की निवाडा? संपादित जमिनीचा मोबदला

प्रकल्पासाठी सरकार जमीन घेते तेव्हा दोन वाटा असतात: संमतीने खरेदीखत करून थेट खरेदी, किंवा निवाडा, म्हणजे भूसंपादन अधिकाऱ्याने मोबदला ठरवणारा आदेश. दोन्हीकडे हिशेबाचा पाया एकच, २०१३ चा भूसंपादन कायदा. रेडी रेकनरचा दर आणि मागील तीन वर्षांतल्या जवळपासच्या खरेदीखतांपैकी वरच्या निम्म्यांची सरासरी, यांतला जास्त आकडा धरतात. ग्रामीण भागात त्याला १ ते २ चा गुणक लागतो. त्यात विहीर, झाडे, पाइपलाइन मिळवून जी बेरीज येते तेवढीच आणखी दिलासा रक्कम, म्हणजे जमीन सक्तीने गेल्याबद्दलची भरपाई.

समजा जमिनीची किंमत १० लाख आणि गुणक २. म्हणजे २० लाख, दिलाशासह ४० लाख. महाराष्ट्रात समृद्धी महामार्गासाठी थेट खरेदीत यावर २५ टक्के जादा दिले गेले. त्या हिशेबाने ५० लाख. निवाड्यात हे २५ टक्के नाहीत. मूळ किमतीवर वर्षाला १२ टक्के मिळतात, निवाड्याला दोन वर्षे लागली तर २.४ लाख.

मग निवाडा कशासाठी? दर चुकला तर कलम ६४ खाली वाढीव मोबदला मागता येतो. निवाड्याला हजर असाल तर मुदत सहा आठवडे. खरेदीखतावर सही झाली की हा मार्ग बंद. म्हणून संमतीआधी दराचा तक्ता लेखी मागाच.

खरे नुकसान बहुधा संयुक्त मोजणीत, म्हणजे सरकारी खात्यांनी एकत्र येऊन जागेवर केलेल्या मोजणीत होते. बाग उभी, पण सातबाऱ्यावर पड. विहिरीची नोंदच नाही. पीक पाहणी आधी दुरुस्त करा, पंचनाम्यातली झाडे स्वतः मोजा, चूक दिसली तर तिथेच लेखी हरकत द्या. सहहिस्सेदारांचा वाद असेल तर थेट खरेदी अडते. तिथे निवाडाच बरा.